तिसरं लाल कार्ड

ज्या खेळात पळायला बंदी आहे, त्या खेळात मी कित्येक वर्षं अजिंक्य होते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नेमकं काय करायचीस? चालायचे. चालण्याची शर्यत म्हणतात तिला. मैदानी खेळांत ती असते, ऑलिंपिकमध्येसुद्धा असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. नियम दोनच. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा, आणि पुढे टाकलेला पाय टेकल्या क्षणापासून अंग त्याच्यावर येईपर्यंत गुडघ्यात ताठ हवा. एवढं सांभाळून जितकं जोरात जाता येईल तितकं जायचं. करून बघा एकदा. थोड्याच वेळात नडग्या पेटतात, कंबर कुरकुरते आणि अंगातला प्रत्येक स्नायू ‘पळ, पळ’ म्हणायला लागतो. त्याला दिवसभर ‘नाही’ म्हणत राहणं, हाच तो खेळ.

ट्रॅकच्या कडेनं पंच उभे असतात. पाय उचललेला दिसला, गुडघा वाकलेला दिसला, की आधी पिवळी पाटी दाखवून ताकीद आणि तरी सुधारलं नाही तर लाल कार्ड. एका पंचाला एका खेळाडूला एकच लाल कार्ड देता येतं. वेगवेगळ्या पंचांची मिळून तीन झाली की बाद, बाहेर व्हा. कुणाची किती कार्डं झाली ते ट्रॅकशेजारच्या फळ्यावर लावत जातात, त्यामुळे घाम पुसता पुसता आपण कुठवर आलोय ते वाचता येतं. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं कळेल.

मी सोलापूरकडची. शाळेत पळायचे. पळायचे म्हणजे दुसरी किंवा तिसरी यायचे. पहिली येणारी कायम कुणीतरी दुसरीच असायची आणि माझा राग तर नाकावरच. एकदा बक्षीस समारंभातून दुसऱ्या क्रमांकाचा कप तिथंच टेबलावर ठेवून घरी आले होते. आमच्या पी. टी.च्या मास्तरांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं आणि म्हणाले, ‘‘तुझे पाय पळणारीचे नाहीत, पण डोकं हट्टी आहे. चालायला लाग. त्यात मुली कमी आणि हट्टाला भाव जास्त.’’ मला तो अपमान वाटला. तरी मी चालायला लागले, आणि दोन वर्षांत राज्यात पहिली, मग देशात पहिली. पेपरात फोटो आला. फोटोत माझी कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे आणि तोंड भांडायला निघाल्यासारखं. आईनं तो फोटो कातरून देवघरात ठेवला आणि पाहुणे आले की झाकून ठेवायला लागली.

त्या पदकावर नोकरी लागली. केंद्र सरकारचं एक खातं, खेळाडूंच्या कोट्यातली जागा आणि पोस्टिंग चेन्नईला. ऑफिस नुंगंबाक्कमला, सरावाचं मैदान तांबरमकडे. म्हणून खोलीही तांबरमलाच घेतली. सकाळी तिकडच्या मोकळ्या रस्त्यांवर चालायचं, आंघोळ करून लोकल पकडायची, जेवायच्या वेळेला ऑफिसात पोचायचं. खेळाडूंना अर्धा दिवस सूट असे. बाकीचे कारकून आमच्याकडे बघायचे ते फुकटचं खाणाऱ्यांकडे बघावं तसे. त्यांचंही चुकत नव्हतं. माझ्यासमोर जी फाइल यायची ती दुसऱ्या दिवशीही समोरच असायची.

सकाळच्या त्या रस्त्यांवर माझी शोभा व्हायची ती वेगळीच. दुधाच्या बूथपाशी उभ्या असलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पोरं मागून कंबर हलवत यायची. चहाच्या टपरीवरचा एकजण रोज न चुकता विचारायचा, ‘‘एन्न अक्का, अर्जंटा?’’ म्हणजे, काय ताई, घाईची लागलीय का? कशाची घाई असं त्याच्या मनात होतं ते सांगायला नको. पहिले काही महिने मी मराठीत शिव्या देत पुढे जायचे. मग तमिळमध्ये द्यायला शिकले. त्यानंतर तो माझ्यासाठी चहा बाजूला काढून ठेवायला लागला.

खोली ज्यांच्या घरात होती ते काका तंजावूरचे मराठी. निवृत्त पी. टी. शिक्षक, आणि वरून चालण्याच्या शर्यतीचे पंच. ऑफिसातल्याच कुणीतरी मला त्यांच्याकडे पाठवलं होतं. पहिल्या दिवशी दार उघडून ते म्हणाले, ‘‘या बाई, बसा. तुम्हांस कॉफी पाहिजे कीं ताक?’’ मी बघतच राहिले. आमच्याकडच्या जुन्या कागदपत्रांत असते तशी मराठी, आणि सूर मात्र पुरा तमिळ. त्यांचे पूर्वज तिकडं जाऊन शेकडो वर्षं झाली होती, पण भाषा त्यांनी डब्यात घालून ठेवली होती. काकूंशी ते तमिळ बोलायचे, देवाशी संस्कृत आणि माझ्या गुडघ्याशी मराठी. अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि मी फाटकातून आत येताना म्हणायचे, ‘‘उजवा ढिला आहे, बाई. सरि, पुन्हा जा.’’ त्यांचं ‘सरि’ म्हणजे आपलं ‘बरं’. मी पुन्हा कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे. माझा गुडघा पुढे ज्याच्या त्याच्या तोंडी झाला, तो त्या अंगणात घडला.

मग लग्न झालं. नवरा सैन्यात. त्याचं ठाणं नकाशात बोट फिरवून शोधावं लागे आणि सुट्टी वर्षातून एकदा. मुलगी झाली ती सोलापूरला, आईकडे. ती रांगायला लागली त्या सुमारास ऑफिसकडून पत्र आलं की रजा संपली, हजर व्हा, स्पर्धा जवळ आली आहे. मी तिला आईपाशी ठेवलं आणि आले. दुसरं काय करणार होते? पहाटे चारला उठून तीन तास चालणाऱ्या बाईला तान्हं मूल कुठं ठेवता येतं? मला वाटलं होतं, वर्षभराची गोष्ट आहे, बदली मागायची आणि जायचं. आमच्या खात्याचं ऑफिस सोलापूरलाही होतं. जागाही होती.

बदलीचा अर्ज क्रीडा अधिकाऱ्याच्या सहीनं पुढे जायचा. आमचे क्रीडा अधिकारी, म्हणजे आमचे साहेब, गोड माणूस. सफारी सूट, कपाळाला विभूती, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी ते ऑफिसातही काढत नसत. माझ्याशी इंग्रजीत बोलायचे आणि मध्येमध्ये लाडाचं तमिळ ‘मा’ लावायचे. मी अर्ज ठेवला की ते तो वाचायचे, चष्मा काढायचे, आणि म्हणायचे, ‘‘इथं काय कमी आहे तुला, मा? अर्धा दिवस सूट आहे, बूट आहेत, सगळे मान देतात. तू आमची चॅम्पियन आहेस. चॅम्पियनला कुणी सोडतं का?’’ आणि अर्ज परत. ओरडले असते तर मी भांडले असते. ते कॉफी मागवायचे.

लेखी असा नियम कुठंच नव्हता, पण खात्यातल्या सगळ्या खेळाडूंना रीत ठाऊक होती. पदक आहे तोवर बदली नाही. पदक थांबलं की मग तू कुणाचा कोण, जा बाबा. आमच्यात मदुराईचा एक गोळाफेकवाला होता. वर्षानुवर्षं अर्ज करत होता बिचारा. एका सरावात त्याचा खांदा निखळला आणि पुढच्याच महिन्यात त्याची बदली मदुराईला झाली. गळ्यात हात अडकवलेल्या अवस्थेत तो टेबलाटेबलावर लाडू वाटत फिरत होता. इतका आनंदी माणूस मी त्या ऑफिसात दुसरा पाहिला नाही.

मुलगी चार वर्षांची झाली, पाचाला आली. रविवारी मी एस.टी.डी. बूथवरून फोन लावायचे. ती माझ्या आईला ‘आई’ म्हणायची आणि मला ‘चेन्नईआई’. जशी कोल्हापूरची मावशी, पुण्याची आत्या, तशी चेन्नईची आई. फोनवर आई तिला पुढे ढकलायची, ‘बोल ना, विचार ना,’ आणि ती विचारायची, ‘‘जेवलीस?’’ मी म्हणायचे, जेवले. मग दोघींचंही बोलणं संपायचं. बूथवाला काचेतून मीटरकडे बघत असायचा, मी भिंतीवरच्या सिनेमाच्या जाहिरातीकडे. बाहेर आले की इतका संताप यायचा की तशीच, साडीत, चपला घालून, घरापर्यंत शर्यतीच्या चालीनं जायचे.

येत्या जूनमध्ये ती पहिलीत जाणार होती. त्याआधी मी तिथं पोचायला हवं होतं. शाळेत आईच्या जागी आजीचा हात धरून गेलेल्या मुलीच्या डोक्यातून मग आपण कायमच्या पुसल्या जातो असं मी मनाशी धरून बसले होते. खरं की खोटं देव जाणे, पण त्या भीतीनं मला दुसरं काही सुचत नव्हतं. सोलापूरला जायचं असेल तर हरायला हवं, एवढा सरळ हिशेब होता.

पण हरायचं कसं? मुद्दाम रेंगाळले तर साहेबांना कळणार. माझी प्रत्येक फेरी किती वेळात होते ते त्यांना माझ्याहून जास्त पाठ होतं. कामचुकारपणाचा मेमो हातात पडला असता आणि बदली आणखी लांब गेली असती. दुखणं काढलं तर त्यांचा डॉक्टर बसलेलाच होता. मग एक दिवस लोकलमध्ये उभ्या उभ्या मला सुचलं. बाद व्हायचं. तीन लाल कार्डं. बाद होणं कुणाच्याही नशिबी येतं, मोठमोठ्यांच्या येतं, त्यात कुणाला दोष देता येत नाही. गुडघा थोडा वाकवायचा. आयुष्यभर जे नको म्हणून घासलं तेवढं एक दिवस करायचं. मला एवढं हलकं वाटलं की माझं स्टेशन मागे गेलं.

डिसेंबरात आमच्या खात्याची स्पर्धा होती. वेगवेगळ्या विभागांचे संघ आले होते. ऑफिसातली माणसं बसमधून आणून बसवली होती, प्रत्येकाच्या मांडीवर चिंचभाताचं पाकीट. साहेब मांडवात पुढच्या खुर्चीवर, एका हातात स्टॉपवॉच आणि दुसऱ्या हातात रुमाल. पंचवीस फेऱ्यांची शर्यत. काका लांबच्या वळणावर पंच म्हणून उभे होते. मी त्यांची भाडेकरू आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे ते माझ्याशी स्पर्धेच्या आधी दोन दिवस बोलतसुद्धा नसत, आणि कॉफी काकूंच्या हाती वर पाठवत.

सुरुवातीला मी नेहमीसारखीच गेले, नाहीतर संशय आला असता. पुढे होते. सहा-सात फेऱ्या झाल्यावर सरळ पट्ट्यावरच्या पंचासमोर मी उजवा गुडघा सैल सोडला. सांगते, अवघड जातं. पाय टेकला की तो आपोआप कुलूप लागल्यासारखा ताठ होतो, त्याला वाकवायला मुद्दाम लक्ष द्यावं लागत होतं. त्या पंचानं आधी माझ्याकडे, मग स्वतःच्या चष्म्याकडे बघितलं. चष्मा पुसला. पुढच्या फेरीला मी अजून वाकवला तेव्हा कुठं पिवळी पाटी वर आली, आणि आणखी एका फेरीनंतर फळ्यावर माझ्या नंबरापुढे पहिलं लाल कार्ड लागलं. प्रेक्षकांत कुजबुज झाली. साहेब खुर्चीतून उठले.

काकांच्या वळणावर मी दोन फेऱ्या तशीच गेले. त्यांनी पिवळी पाटी धरली ती अगदी माझ्या नाकासमोर, आणि चेहरा असा की ओळख ना पाळख. दुसरं कार्ड लागलं. आता एकच राहिलं होतं. साहेब ट्रॅकच्या कडेला येऊन ‘‘नी, मा! नी!’’ असं इंग्रजीत ओरडत स्वतःच्या गुडघ्यावर थापा मारत होते. मला त्यांची जरासुद्धा दया आली नाही. मी मनानं सोलापूरला पोचले होते. मुलीला नवा गणवेश घालत होते, तो थोडा मोठा झाला होता, आणि मी हातानं टीप घालून तो लहान करत होते.

तेवढ्यात मागून एक मुलगी आली आणि माझ्यापुढे गेली. दुसऱ्या एका विभागातली, नुकतीच भरती झालेली, माझ्याहून बरीच लहान. जाता जाता म्हणाली, ‘‘सॉरी अक्का.’’

सॉरी! अक्का! आणि मी तिच्या पायांकडे बघितलं. दोन्ही गुडघे मऊ. बया चक्क पळत होती, फक्त कंबर हलवून चालल्याचं सोंग करत होती. फळ्यावर बघितलं तर तिच्या नंबरापुढे काही नाही, स्वच्छ. सगळ्या पंचांचे डोळे माझ्यावर लागले होते, चॅम्पियनचा गुडघा गेला म्हणून, आणि ही त्या गडबडीत पळत पुढे निघाली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी इतकी वर्षं दात खाऊन जे केलं नाही ते ही करणार, आणि माझ्यापुढे करणार, आणि वर माझी कीव करणार?

गुडघा कधी ताठ झाला मला कळलं नाही. मी ठरवलं वगैरे काही नाही. पुढच्या फेऱ्यांचं मला फारसं आठवतही नाही. तिची पाठ दिसत होती, मोठी मोठी होत होती, मग दिसेनाशी झाली. उरलेले पंच माझ्या पायांकडे वाकून वाकून बघत होते आणि मला वाटत होतं, बघा, डोळे फोडून बघा, द्या कार्ड हिंमत असेल तर. नाही मिळालं. मी पहिली आले. साहेबांनी शिट्टी वाजवली, मग रडले, मग पुन्हा वाजवली.

संध्याकाळच्या लोकलनं काका आणि मी बरोबरच परत निघालो. स्पर्धा संपली होती म्हणजे बोलायला मोकळीक होती. सैदापेट स्टेशन गेलं. मग काका म्हणाले, ‘‘बाई, एक विचारूं?’’

‘‘विचारा.’’

‘‘तीं दोन कार्डें तुम्हीं जाणूनच घेतलींत.’’

‘‘त्यातलं एक तुम्ही दिलंत,’’ मी म्हटलं.

‘‘गुडघा वांकला, मी दिलें. मन कोठें आहे तें पाहण्यास मला कोणीं नेमिलें नाहीं.’’ मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘‘पण ते शेवटचे फेरे, बाई! अय्यो! तसें चालणें मी उभ्या जन्मांत पाहिलें नाहीं.’’

मला रडू कोसळलं. समोरच्या बाईनं आपली फुलांची टोपली बाजूला सरकवून मला बसायला आणखी जागा करून दिली. पोटच्या पोरीकडे जायची वाट मी एका अनोळखी पोरीच्या गुडघ्यापायी बंद करून घेतली होती, याचं दुःख होतंच. पण काकांचं ते वाक्य ऐकून मला आतून उकळ्या फुटत होत्या, आणि त्या थांबवता येत नव्हत्या, त्याचं रडू जास्त होतं.

सोमवारी मी साहेबांपुढे अर्ज ठेवला. त्यांनी तो न वाचता घडी घालून परत दिला आणि कॉफी मागवली. ते काळजीत होते. दोन कार्डं! त्यांच्या चॅम्पियनला! हे पुन्हा होता कामा नये म्हणून त्यांनी दोनच दिवसांत वरपर्यंत भांडून माझ्यासाठी एप्रिल-मेमध्ये खास सराव शिबिर मंजूर करून आणलं होतं, केवळ गुडघ्यासाठी. त्या काळात रजा नाही. दरवर्षी उन्हाळ्यात मी पंधरा दिवस सोलापूरला जायचे, तेही गेलं. सुटायला म्हणून जे केलं त्यानंच दाराला आणखी एक कडी लावली. मी कॉफी प्यायले आणि आभार मानले. दुसरं काय करणार? त्या माणसाच्या डोळ्यांत खरोखरची माया होती. तिचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा.

मग मीच आईला कळवलं, तू हिला घेऊन इकडे ये. मनात बेत वेगळाच होता. मला सोडत नाहीत ना, मग हिलाच इथं ठेवून घेईन. काकूंच्या ओळखीनं जवळच्या शाळेत बोलून ठेवलं. लहान दप्तर आणलं. मी सरावाला गेले की काकू बघणार होत्या. आई महिनाभर राहील आणि जूनच्या आधी एकटी परत जाईल. हे मी आईला ती आल्यावर सांगितलं. ती म्हणाली, ‘‘तुझी मुलगी आहे. मी कोण नाही म्हणणार?’’ आणि तांदूळ निवडायला लागली. एकेक दाणा असा निवडत होती की मला तिथं उभं राहवेना.

चेन्नईचा मे महिना. अकरा वाजता रस्ता ओस पडायचा. मुलगी दिवसभर आईच्या पदराला धरून. दूधवाला, भाजीवाली, शेजारची पोरं, सगळे तिच्याशी लाडानं तमिळ बोलायचे आणि ती आईच्या मागे लपायची. काका मराठी बोलायचे तर ती हळूच मला विचारायची, ‘‘हे आजोबा पोथी का वाचतात?’’ मला हसू यायचं, तिला येत नव्हतं. इडली नको, डोसा नको, भात नको. काकूंनी तिच्यासाठी मुद्दाम ज्वारीचं पीठ शोधून आणवलं. आईनं भाकरी केली. तीही नको. पाणी इथलं नको म्हणाली, ते खारट लागतं. ते होतंच खारट.

शिबिरावरून मी घामानं निथळत घरी यायचे तेव्हा ती फाटकाच्या गजांना धरून उभी असायची. मला आधी वाटायचं माझी वाट बघते. एक दिवस मी तिला उचलून घेतलं तर ती माझ्या खांद्यावरून रस्त्याकडेच बघत होती. म्हणाली, ‘‘स्टेशन ह्या बाजूला आहे ना?’’

‘‘हो. का?’’

‘‘आम्ही घरी कधी जायचं?’’

‘‘तू नाही जायचं. तू आता माझ्यापाशी राहायचं.’’

ती हातपाय ताठ करून उतरायला बघायला लागली. आणि मी तिला आणखी घट्ट धरत म्हणाले, ‘‘इथं काय कमी आहे तुला? खाऊ आहे, नवं दप्तर आहे, सगळे लाड करतात.’’ शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मी जागच्या जागी गार झाले. आवाजसुद्धा तसाच लावला होता, गोड, समजुतीचा. गळ्यात शिट्टी तेवढी नव्हती. मी तिला खाली ठेवलं. ती पुन्हा गजांना धरून उभी राहिली.

तरी मी लगेच सोडलं नाही, उगाच मोठेपणा घेणार नाही. वाटलं, रुळेल. मुलं रुळतात. आणखी आठवडाभर मी तिच्यापुढे आंबे कापले, तिला समुद्र दाखवला, लोकलच्या खिडकीत बसवून पार बीच स्टेशनपर्यंत नेऊन आणलं. प्रत्येक स्टेशनला ती विचारायची, हे सोलापूर का? आईच्या जायच्या दिवशी सकाळी तिनं स्वतःचे दोन फ्रॉक आईच्या पिशवीत साडीखाली कोंबून ठेवले होते. मला ते सापडले. आईनंही बघितलं होतं, पण ती पाठ करून डब्यात भाकरी भरत होती. मी ते फ्रॉक बाहेर काढले. नीट घडी घातली. बाकीचेही आणले, दप्तर आणलं, आणि सगळं पिशवीत वरच्या बाजूला ठेवलं. आई म्हणाली, ‘‘अगं पण शाळेत सांगितलंयस ना?’’ मी म्हटलं, ‘‘सांगेन त्यांना. तिचं तिकीट काढायचंय, ऊठ.’’

तांबरमहून लोकलनं पार्क स्टेशनला उतरलो, तिथून सेंट्रल. मुलगी पूर्ण महिन्यात पहिल्यांदा पुढे पुढे चालत होती, पिशवीचा एक बंद स्वतः धरून. गाडीत जागा मिळाली, खिडकीची. मी खाली फलाटावर उभी राहिले. तिनं गजांतून हात बाहेर काढून माझ्या गालाला लावला. अगदी लाडानं. महिनाभरात तिनं आपणहून पहिल्यांदा हात लावला होता. सुटल्यावर माणसं मोकळेपणानं प्रेम करतात. मला ते तेव्हा फार लागलं.

‘‘चेन्नईआई, तू कधी येणार?’’

‘‘साहेब सोडतील तेव्हा.’’

‘‘ते कधी सोडतात?’’

आई आतून म्हणाली, ‘‘पुरे गं, तिला छळू नकोस.’’ पण मला तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘मी शर्यतीत हरले की सोडतील.’’

तिनं डोकं एका बाजूला करून विचार केला. तिला त्यात काहीच अवघड दिसेना. ‘‘मग हर ना,’’ ती म्हणाली.

गाडी हलली. मी ‘हो’ म्हणून मान हलवली, हसले, हात हलवला. ती बराच वेळ दिसत होती, आणि मी पुढचीही शर्यत हरणार नाही हे मला तिथंच, हात हलवताना, पक्कं ठाऊक होतं.